पन्नासच्या आतल्या बायका

आमच्या ऑफिसात म्हाताऱ्या माणसाला म्हातारं म्हणत नाहीत, ‘पन्नासच्या वरचे’ म्हणतात. मीटिंगमध्ये हे शब्द आले की समजावं, एखादी मालिका छान चाललेली आहे आणि त्यामुळेच सगळ्यांची तोंडं उतरलेली आहेत. लोक बघतायत, आवडीने बघतायत, जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसतायत. पण ते लोक पन्नासच्या वरचे. शाम्पूवाला म्हणतो, यांच्या डोक्यावर केस किती उरलेत? मोबाइलवाला म्हणतो, यांना मुलगा आपला जुना फोन देतो. जाहिरात देणाऱ्यांच्या लेखी ही माणसं टीव्ही बघतच नाहीत, आणि आमचा पगार जाहिराती देणाऱ्यांवर चालतो.

मी एका मराठी चॅनेलच्या प्रेक्षक-संशोधन विभागात आहे. नाव भारदस्त, काम साधं. कोण काय बघतं आणि का बघतं हे लोकांना विचारायचं आणि त्याचा अहवाल करायचा. ऑफिस मरोळला, घर कांजूरमार्गला. घरात आई आणि मी. मी चाळिशी ओलांडली आहे, म्हणजे माझ्या मताला अजून थोडी वर्षं किंमत आहे. आईच्या मताची मुदत कधीच संपली. हा विनोद मी ऑफिसात पुष्कळदा केलेला आहे, आणि लोक हसलेलेही आहेत.

चॅनेलला वय कुणी ठरवून देत नाही, ते चिकटतं. घरात टीव्ही एक असतो आणि संध्याकाळी रिमोट मोठ्या माणसाच्या हातात असतो. पोरं आपापला फोन घेऊन आतल्या खोलीत जातात. बघायला उरतात ती मोठी माणसं. मग गुडघ्याच्या तेलाची जाहिरात येते, मग पोट साफ करणाऱ्या चूर्णाची, मग कानात घालायच्या यंत्राची. तिशीतली सून भांडी आवरून घटकाभर टेकते तर समोर गुडघे चोळणं चाललेलं. हे काही आपलं चॅनेल नाही बाई, म्हणून ती उठून जाते. ती गेली की उरलेल्यांचं वय आणखी वाढतं आणि आणखी तेलं येतात. एखाद्या खानावळीत चार आजोबा रोज बसायला लागले की कॉलेजची पोरं शेजारच्या चायनीजच्या गाडीवर जातात, तसंच हे. खानावळवाल्याने काही केलेलं नसतं. जेवणही तेच असतं.

आमच्या घरातही हेच झालं. मी लहान असताना कांजूरच्या चाळीत एका खोलीत एक टीव्ही आणि एकच चॅनेल होतं. आई, वडील, भाऊ, मी आणि शेजारची दोन पोरं, जे लागेल ते बघायचो. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमसुद्धा बघायचो, आणि वडील तर जालन्याकडचं गाव सोडून कधीच मुंबईला आले होते. पुढे केबल आली. भावाचं क्रिकेटचं चॅनेल, माझं गाण्यांचं, वडिलांचं बातम्यांचं, आईचं मालिकांचं. खोली तेवढीच राहिली, पण आम्ही वेगळे निघालो. नंतर वडील गेले, भाऊ लग्न करून नवी मुंबईला गेला, चाळीच्या जागी इमारत उभी राहिली आणि आम्हाला सातव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. टीव्ही आईच्या वाट्याला आला. मला जे बघायचं ते मी कानात इअरफोन घालून फोनवर बघते, तिच्याच शेजारी सोफ्यावर बसून.

आई दवाखान्यात आया होती, आता निवृत्त आहे. मी आमच्या चॅनेलमध्ये लागले त्याच्या आधीपासून ती ते बघते. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कधी सत्यनारायण झालेला नाही, पण मालिकेतला एकही सत्यनारायण आईने चुकवलेला नाही. मी एकदा म्हटलं, “तुला यात काय मिळतं गं?” ती म्हणाली, “पूजा कोण बघतंय? पूजेच्या गडबडीत सासू सुनेला काय बोलते ते बघते मी.” हे उत्तर मला ऑफिसात कुणी दिलं असतं तर मी ते लगेच लिहून घेतलं असतं. घरात मी नुसती हसले.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे साहेब आले. माझ्यापेक्षा बरेच लहान, हुशार, बोलायला गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आपल्या चॅनेलला म्हातारपणाचा वास येतो आणि तो घालवायचा आहे. मालिकांतले दिवाणखाने जाऊन कॉफीची दुकानं आली. सगळं अंधारात घडायला लागलं, कारण अंधार म्हणजे तरुणाई असं कुठेतरी ठरलं होतं. आदल्या रात्रीचा भाग दुपारी परत दाखवायचे तेही बंद झालं. आई दुपारी जेवताना तोच भाग दुसऱ्यांदा बघायची. ती मला दोन-तीनदा म्हणाली, “तुमच्या लोकांना सांग ना जरा.” मी हो हो केलं आणि सांगितलं नाही. पन्नासच्या वरची एक बाई नाराज आहे हे ऐकून साहेबांनी पेढेच वाटले असते.

लोकांना विचारायचं ते आम्ही ‘ग्रुप’ घेऊन विचारतो; ते काय असतात ते आता सांगायला हवं. अंधेरीत एक जागा आम्ही भाड्याने घेतो. एका खोलीत सोफे, टेबलावर चहा-बिस्किटं आणि भिंतीवर मोठा आरसा. आठ बायका येऊन बसतात आणि आमची एक मॉडरेटर त्यांना मालिकांविषयी बोलतं करते. आरशाच्या मागे दुसरी, अंधारी खोली असते. तिथे आम्ही बसतो. आम्हाला त्या दिसतात, आम्ही त्यांना दिसत नाही. कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय हे त्यांना सांगितलेलं असतं, पण पाच मिनिटांत त्या ते विसरतात.

या बायका गोळा करून आणायचं काम वस्त्यांतल्या ओळखीच्या बायका करतात. अटी दोन. वय आम्ही सांगू त्या गटातलं हवं, आणि घरात कुणी टीव्हीत किंवा जाहिरातीत नोकरीला नको. आणणाऱ्या बाईला आठ डोकी भरायची असतात, त्यामुळे ती आधीच पढवून ठेवते. वय विचारलं तर पन्नासच्या आतलं सांगा, घरचं कुणी टीव्हीत आहे का विचारलं तर नाही म्हणा. हे आम्हाला ठाऊक असतं. चेहरा फारच बोलत नसेल तर आम्ही काणाडोळा करतो.

घरी आल्यावर जेवताना मी आईला त्या बायकांच्या नकला करून दाखवायचे. एक बाई कशी प्रत्येक वाक्याला ‘म्हणजे बघा हां’ म्हणते, एक कशी बिस्किटं पर्समध्ये टाकते, आरशासमोर येताच प्रत्येक बाई कशी पदर नीट करते आणि मागे आम्ही कसे तोंड दाबून हसतो. आई पोट धरून हसायची. “आणि मग ती काय म्हणाली?” असं विचारत राहायची. मला वाटायचं तिची करमणूक होतेय.

या उन्हाळ्यात पंचेचाळीस ते पन्नासच्या बायकांचा एक ग्रुप होता. साहेब स्वतः आले होते. दुपारची वेळ, अंधाऱ्या खोलीत एसी जोरात, मांडीवर लॅपटॉप. समोर दार उघडलं आणि बायका आत आल्या. शेवटून तिसरी आई होती.

भावाच्या लग्नातली मरून साडी नेसली होती. रविवारी तिने केस रंगवले होते. विहारात कार्यक्रम आहे, म्हणाली होती. बायकांना घेऊन येणारी बाई तिला त्या विहारातच भेटली होती, हे मला नंतर कळलं. इतर बायकांप्रमाणे आईही आरशासमोर थांबली. पदर सारखा केला, कानामागे बट सरकवली. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर लांब होता. कपाळाच्या कडेला कातडीवर काळा रंग लागून राहिला होता, तो मला स्पष्ट दिसला.

नियमाप्रमाणे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ही माझी आई आहे, ग्रुप थांबवा, एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आधी तिचीच वाटली. त्या रंगाची, त्या लग्नातल्या साडीची, चारचौघींत आपण नाही ती तरुण बाई होऊन बसण्याची. शेजारी साहेब वेफर्स खात होते.

ओळखी सुरू झाल्या. आईची पाळी आली. ती म्हणाली, “वय पन्नास. मुलगा नवी मुंबईला असतो.” मग जरा थांबून म्हणाली, “मुलगी बँकेत आहे.” इमारतीतला एक माणूस तिने सोडला नसेल ज्याला माझी मुलगी टीव्हीत आहे हे सांगितलं नाही. सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा सांगितलंय. तिथे मात्र तिने मला बँकेत टाकलं.

बाकीच्या बायका नेहमीचं बोलत होत्या. नवी मालिका छान आहे, हिरो छान आहे, साड्या छान आहेत. शेवटी मॉडरेटर आईकडे वळून म्हणाली, “ताई, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला काय वाटतं?”

आई सोफ्यावर पुढे सरकून बसली. “राग मानू नका,” ती म्हणाली. “तुमच्या नव्या मालिकांत म्हातारं माणूस एक तर दवाखान्यात असतं, नाही तर हार घातलेल्या फोटोत. आम्ही काय आजारीच असतो का सारख्या? मी सकाळी उठते, चहा करते, खाली जाऊन भाजी आणते, बिल्डिंगमधल्या बायकांशी भांडते पण. ते नाही दाखवत कुणी. आधी दाखवायचे. आधीची ती आजी खोटं बोलायची, पैसे लपवायची, सुनेची चहाडी करायची. वाईट होती, पण घरात चालती-फिरती होती.”

“मग आता तुम्ही बघत नाही का?” मॉडरेटरने विचारलं.

“बघते ना. घरात दुसरा आवाज कुणाचा आहे? मुलगी दमून येते, तिला बोलायला कुठे वेळ असतो. तिचा काही दोष नाही, बँकेत काम फार असतं.”

अंधारात साहेब पुढे वाकले. “फोटोवाली लाइन झकास आहे यार,” ते म्हणाले. मला क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी डोळे बारीक करून काचेतून बघितलं. “पण ‘आम्ही’ म्हणाली ती. ही पन्नासची? माझी आजी अशी दिसते. वय चेक कर.” मी म्हटलं, “राहू दे ना, बोलतेय तर चांगली.” ते म्हणाले, “म्हणूनच. आपल्या चॅनेलची वाट यांनीच लावलीय, आणि आपण परत यांनाच विचारत बसलोय. तू जा, तुला गोड बोलता येतं.”

मी उठून गेले. आपण कुणाकडे जातोय हे पुरतं ठाऊक असताना गेले. दार उघडलं तेव्हा आईने वर बघितलं आणि तिचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला. मी सगळ्यांकडे बघून म्हटलं की एक छोटीशी माहिती पडताळून घ्यायची आहे. मग तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “काकू, तुमचं आधार कार्ड आहे का जवळ?”

हे ‘काकू’ माझ्या तोंडून आधी गेलं. तिने काही म्हणायच्या आधी.

आईने कप खाली ठेवला. “नाही हो मॅडम,” ती म्हणाली. “पण कार्ड कशाला, मीच सांगते. मला सहासष्ट पुरी झालीत. मला इथे घेऊन आल्या त्या ताईंची काही चूक नाही, मीच त्यांना पन्नास सांगितलं. तुम्हाला उगाच त्रास झाला.” आवाज अगदी सरळ होता. दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायची तसा. मला ती आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होती, आणि अडखळत नव्हती.

एक बाई पदराआड हसली. बाकीच्या बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिल्या. प्रत्येकीला आल्या आल्या स्टीलच्या डब्यांची पिशवी दिलेली होती. आईने आपली पिशवी टेबलावर ठेवली, ती नीट उभी राहतेय ना ते बघितलं आणि उठली. मी दार धरून उभी होते. भिंतीवरच्या आरशात आम्ही दोघी एका वेळी दिसलो. आमचं नाक सारखं आहे, सगळे म्हणतात. काचेमागून कुणाच्या ते लक्षात आलं असेल का, एवढीच मला त्या वेळी धास्ती होती. ती माझ्याकडे न बघता जिन्याकडे गेली. तिला मेट्रोचं स्टेशन सापडेल का, हे मला ती गेल्यावर दहा मिनिटांनी सुचलं.

आत आल्यावर साहेबांनी विचारलं, “किती?” मी म्हटलं, “सहासष्ट.” ते म्हणाले, “बघ, बोललो होतो ना. तिचं सगळं काढून टाक रिपोर्टमधून. लाइन चांगली होती पण काय करणार.” मी तिथेच बसून काढलं. ती बोलली तेवढ्या ओळी निवडल्या आणि एक बटण दाबलं. आठ बायकांच्या सात झाल्या. कुणाला काही जाणवलं नाही, ग्रुप पुढे चालू राहिला आणि मी पुढचं टिपत राहिले.

आठच्या सुमाराला घरी पोचले. आई गाउन घालून ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. टीव्ही बंद होता. आमच्या घरात त्या वेळेला टीव्ही बंद असणं म्हणजे कुणीतरी गेलेलं असणं. मी चपला काढून तिथेच उभी राहिले. रस्ताभर मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले.

तिनेच विचारलं, “तुझ्या साहेबांना कळलं नाही ना?”

“नाही.”

“बरं झालं. मला वाटलं, नोकरीवर येतंय की काय तुझ्या.” भाकरी तव्यावर टाकून तिने हात पाण्यात बुडवला. “तू आत येशील असं वाटलं नव्हतं. काचेमागे असशील एवढंच वाटलं होतं.”

“म्हणजे? मी आहे हे ठाऊक होतं तुला?”

“त्यासाठीच तर आले.”

मी मोरीच्या दाराला टेकले. ती माझ्याकडे पाठ करूनच बोलत होती. “तू येऊन सांगायचीस ना रोज, ही अशी बोलली, ती तशी बोलली. हसायचीस त्यांना. पण शब्दन्‌शब्द लक्षात असायचा तुझ्या. मी म्हटलं, हसू दे, ऐकते तर ना त्यांचं. आपणही तिथे जाऊन बसावं. विहारातली ती बाई तुमच्याच चॅनेलसाठी बायका नेते असं कळलं, म्हणून तिच्या मागे लागले. ती म्हणाली, पन्नासच्या वरची चालत नाही. मग रंगवले केस.”

मला रडू आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तेव्हा तिने गॅस बंद केला होता आणि हात पुसत सोफ्यावर येऊन बसली होती. “मी बोलले ते लिहिलंस का?” तिने विचारलं.

“लिहिलं ना.”

“वाच बघू.”

मी लॅपटॉप काढला. आमचे अहवाल इंग्रजीत असतात, तिला त्यातले आकडे तेवढे वाचता येतात. फाइल उघडली. सात बायका होत्या. त्यातल्या कुणाच्या तरी साड्यांविषयीच्या मतावर डोळे ठेवून मी आईचं बोलणं आठवून आठवून म्हणायला लागले. दवाखाना, चहा, भाजी, भांडणं, चालती-फिरती आजी. ती मान हलवत होती. एका ठिकाणी तिने मला थांबवलं. “नुसतं ‘फोटोत’ नाही. ‘हार घातलेल्या फोटोत’ म्हणाले मी.”

“हो, तसंच आहे,” मी म्हटलं.

“आणि माझं वय किती टाकलंय?”

“पन्नास.”

“सहासष्ट कर. आता खोटं कशाला? माझं म्हणणं आहे तर माझ्या वयाने जाऊ दे.”

त्या साड्यांच्या ओळीपुढे मी सहासष्ट हा आकडा टाइप केला. तिने चष्मा लावून तो नीट बघितला, “हां,” म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली. सकाळी साहेबांना फाइल पाठवण्याआधी मी तो काढून टाकला.